पोकळ विटांच्या भिंतीस जड लांकूड बसविण्याची रीत

अलीकडे शेतावरील घरें, गोदामें व गोठे बांधतांना भाजलेल्या पोकळ विटांचा वापर वाढत चालला आहे. ही वीट आकारानें मोठी, वजनास हलकी व सरळ धारेची असते. तिच्या भिंतीमुळें उन्हाळ्यांत घर थोडें गार राहतें आणि पायावरील ओझेंहि कमी होतें. असे तिचे गुण पुष्कळ आहेत व त्यांविषयीं माझी तक्रार नाहीं. परंतु या भिंतीस पडवीचा नाट, पोत्यांची फळी अथवा दाराचें जड चौकट बसविण्याची वेळ आली म्हणजे आपले सुतार व गवंडी जुन्या भरीव विटेचाच हिशेब धरून चालतात, आणि त्यांतून मोठें नुकसान होतें. तसें नुकसान मीं स्वतः सोसलें आहे. सबब जें मागाहून विचारून, वाचून व हातानें करून शिकलों, तें शेतकरी बंधूंपुढें क्रमानें मांडीत आहें.

घडलेली हकीकत

महसूल खात्यांतील नोकरींतून निवृत्त झाल्यावर मीं मळ्यांत पोकळ विटांचें लहानसें घर बांधलें. त्याच्या मागील भिंतीस लागून जनावरांसाठीं २० फूट लांब व ८ फूट रुंद अशी पत्र्याची पडवी काढली. बाहेरच्या बाजूस चार खांब होते. भिंतीच्या बाजूस मात्र खांब न देतां ४ इंच उंच व ३ इंच जाड असा सागाचा नाट दहा फास्टनरांनीं भिंतीस आवळला व त्यावर वासे टेकविले. भोंकें पाडतांना यंत्र ठोक्यावर चालविलें होतें. आवळतांना दोन बोल्ट नुसते फिरतच राहिले. मीं विचारलें तेव्हां सुतार म्हणाला, "भाऊसाहेब, आठ पक्के बसलेत. दोघांवांचून काय अडतंय?" मलाहि तें पटलें. दोष त्याचा एकट्याचा नव्हता.

पडवी दीड वर्ष उभी राहिली. पुढें रोहिणींत एके दिवशीं सायंकाळीं वावटळ उठली. पत्र्यांखालीं वारा भरला, एका टोंकापासून नाट भिंतीवेगळा झाला आणि सबंध छप्पर खालीं बसलें. एक दुभती गाय जागींच गेली. सूनबाई धार काढून दुधाची कासंडी घेऊन घरांत गेली होती, त्यास पुरतीं पांच मिनिटेंहि झालीं नव्हतीं.

दुसऱ्या दिवशीं तो नाट उलटून पाहिला. एकहि बोल्ट तुटला नव्हता, लांकूड कोठें फाटलें नव्हतें. मात्र कित्येक बोल्टांच्या टोंकांस विटेचीं अर्धा इंच जाडीचीं टरफलें लटकत होतीं. लोखंड चांगलें, लांकूड चांगलें, वीटहि कठीण. पण बोल्टास धरून ठेवील असें भिंतींत कांहीं नव्हतें. माझी सारी नोकरी दप्तरांत गेली. सातबाऱ्यावर नांव आहे म्हणून जमीन ताब्यांत असतेच असें नव्हे, हें मीं शेंकडों लोकांस सांगितलें होतें. भिंत वरून कठीण आहे म्हणून ती आंतून भरीव असतेच असें नव्हे, हें मात्र मला कोणी सांगितलें नव्हतें.

विटेची ओळख

पोकळ वीट यंत्रांतून दाबून काढतात व चांगल्या आंचेवर भाजतात. त्यामुळें तिची माती अतिशय कठीण होते. ठोकली असतां भांड्यासारखी वाजते. परंतु तिच्यांत माती थोडी व पोकळी पुष्कळ. भारतीय मानक ३९५२ प्रमाणें अशा विटेचें बाहेरचें कवच ११ मि.मी.हून व आंतील पडदी ८ मि.मी.हून पातळ असूं नये. म्हणजे मानकास उतरलेल्या विटेंतहि बोल्टास धरावयास मिळते ती बोटाच्या रुंदीहून कमी जाडीची खापर. ही खापर कठीण असते तितकीच ठिसूळहि असते. दाब ती पुष्कळ सोसते. ठोका व ताण मात्र सोसत नाहीं.

आपली भिंत कशाची आहे तें आठवत नसल्यास कोपऱ्यांत एक बारीक भोंक पाडून पाहावें. यंत्र थोडें अडून एकदम पुढें निसटलें, पुन्हां अडलें व पुन्हां निसटलें, तर भिंत पोकळ विटांची समजावी. भरीव भिंतींत यंत्र सारखें चालतें व भुकटी सारखी पडत राहते. बांधकामाच्या वेळच्या उरलेल्या दोन विटा आवारांत पडलेल्या असल्यास त्या फेकूं नयेत. पुढें सांगितलेली परीक्षा पाहण्यास त्यांचा उपयोग होतो.

कोणत्या साधनांनीं फसगत होते

पहिलें साधन लाकडी गुल्ली. भरीव विटेंत ती पाचरीसारखी घट्ट बसते. पोकळ विटेंत ती ठोकतांनाच कवच तडकतें, अथवा गुल्ली आंत पोकळींत जाऊन पडते. दुसरें साधन फुगणारा लोखंडी फास्टनर. तो आवळला म्हणजे भोंकाच्या कडांस बाहेर रेटून धरतो. पातळ कवचास हा रेटा सोसत नाहीं. तें फुटतें किंवा त्यामागें फास्टनर मोकळाच फिरतो. माझे दोन बोल्ट फिरत होते ते याच कारणानें. तिसरी प्लॅस्टिकची गिट्टी. पोकळ विटेसाठीं मुद्दाम केलेल्या लांब गिट्ट्या मिळतात, व दिवा, तसबीर, हलकें कपाट यांस त्या पुरतात. छपराचा नाट त्यांच्यावर सोडूं नये.

भार खालीं ओढतो, तसा वरहि ओढतो

आपण छपराचें वजन मोजतों. वाऱ्याचें मोजीत नाहीं. माझ्या पडवीचें क्षेत्र सुमारे १५ चौरस मीटर. पत्रा, वासे व रिपा मिळून दर चौरस मीटरास १५ किलो धरल्यास सगळें छप्पर सुमारे २२५ किलोचें. मंगळुरी कौलें असतीं तर हेंच वजन ७०० किलोच्या पुढें गेलें असतें. आतां वाऱ्याचा हिशेब पाहावा. वाऱ्याचा वेग सेकंदास जितके मीटर, त्याच्या वर्गास ०.६ नें गुणलें असतां दर चौरस मीटरावरचा दाब न्यूटनांत येतो, त्यास ९.८ नें भागलें म्हणजे किलो होतात. ताशीं ९० किलोमीटरांच्या झोतास हा दाब सुमारे ३८ किलो येतो. पुणें शहरासाठीं मानकांत धरलेला मूळ वेग सेकंदास ३९ मीटर, म्हणजे ताशीं सुमारे १४० किलोमीटर आहे. त्यास हाच दाब ९३ किलो होतो. एका बाजूनें भिंत व तीन बाजूंनीं मोकळी अशा पडवींत हा दाब खालून वर लागूं शकतो. अर्थात् ९३ किलोंच्या हिशेबानें छप्पर उचलणारा जोर १,३९५ किलो, आणि त्यास खालीं धरणारें वजन अवघें २२५ किलो. राहिलेल्या ११७० किलोंचा निम्मा वांटा भिंतीकडे येतो.

हा निम्मा वांटा दहा बोल्टांत वांटला तर दर बोल्टास ६० किलोंहून कमीच पडतो, आणि भरीव विटेंतील चांगला बोल्ट एवढा भार सहज पेलतो. मग पडवी कां गेली? कारण भार दहांवर सारखा पडलाच नव्हता. दोन बोल्ट आरंभापासून निकामी. छपराच्या कडांस वारा अधिक लागतो. आणि ठोक्याच्या यंत्रानें प्रत्येक भोंकाची मागील बाजू आधींच तडकलेली. शिवाय नाट ३ इंच जाड असल्यानें वाशांचा भार भिंतीपासून दूर पडून बोल्टास नुसता खालीं दाबीत नव्हता, बाहेर उपटीतहि होता. कडेचा एक बोल्ट सुटला, त्याचा भार शेजाऱ्यावर गेला, तोहि सुटला. शिवण उसवते तसाच हा प्रकार झाला.

पहिला नियम : ओझें खांबास द्यावें

यावरून पहिला नियम असा निघतो कीं, जेथें जागा आहे तेथें जड लांकडाचें ओझें पोकळ भिंतीवर टांगूंच नये. भिंतीच्या बाजूसहि खांब उभे करावे, नाट त्यांच्या माथ्यावर ठेवावा व लोखंडी पट्टीनें खांबास जखडावा. मग भिंतीकडे फक्त नाट हलूं न देण्याचें काम उरतें, आणि तेवढें ती आनंदानें करते. दर खांबाच्या पायाशीं दीड फूट चौरस व दोन फूट खोल काँक्रीट घातल्यास त्या एका पायाचें वजन सुमारे ३०० किलो होतें. अशा आठ पायांपुढें वावटळीचें कांहीं चालत नाहीं. खांबास जागा थोडी जाते व खर्च थोडा वाढतो हें खरें. पण गाईची किंमत त्याहून कितीतरी अधिक आहे, हें मी अनुभवानें सांगतों.

आपल्या जुन्या खणांच्या घरांत हाच विचार होता. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं लातूर जिल्ह्यांत किल्लारी येथें भूकंप झाला, तेव्हां दगडमातीच्या जाड भिंती कोसळून हजारों माणसें दगावलीं. तथापि ज्या घरांत धाब्याचें ओझें लाकडी खांब व तुळयांवर होतें, त्यांपैकीं कित्येकांत भिंती ढासळूनहि लाकडी सांगाडा उभा राहिलेला आढळला. उचलणाऱ्यानें उचलावें व आडोसा करणाऱ्यानें आडोसा करावा, ही वांटणी जुन्या सुतारांस ठाऊक होती.

खांब देणें शक्य नसेल तेथें पुढील तीन रीतींपैकीं एक धरावी. त्या पसंतीच्या क्रमानें दिल्या आहेत.

रीत पहिली : आरपार बोल्ट

भिंतीची दुसरी बाजू आपल्याच ताब्यांत असेल तर ही रीत सर्वांत खात्रीची. १२ मि.मी. जाडीची आट्यांची सळई भिंतींतून आरपार न्यावी. आंतल्या बाजूस १०० मि.मी. चौरस व ६ मि.मी. जाड लोखंडी पाटी देऊन नट आवळावा. शेजारच्या दोन बोल्टांस मिळून एकच लांब पट्टी दिल्यास अधिक चांगलें. यामुळें ओढ एका विटेच्या टरफलावर न येतां अनेक विटांवर पसरते. नट फार जोरानें आवळूं नये, नाहींतर पोकळ वीट दोन्हीं बाजूंनीं दाबून चुरते. पाटी भिंतीस सर्वत्र टेकली कीं थांबावें. पाटीखालीं गिलावा उंचसखल असल्यास आधीं सिमेंटचा पातळ थर देऊन सपाट करावा.

आरपार भोंक पाडतांना यंत्राचें टोंक पलीकडे निघतें तेथें विटेचा मोठा कपरा उडतो. तो टाळण्यासाठीं प्रथम ६ मि.मी.चें बारीक भोंक आरपार पाडावें व मग मोठें भोंक दोन्हीं बाजूंनीं अर्धें अर्धें करावें.

रीत दुसरी : पोकळी भरून काढणें

दुसऱ्या बाजूस जातां येत नसेल तर बोल्टाच्या जागीं विटेचें पुढील कवच छिन्नीनें हळूहळू काढावें. आंतील पडद्या मोकळ्या करून भुकटी झाडावी व पोकळी पाण्यानें भिजवावी. ज्या विटेचीं भोंकें आडवीं असतात, तिच्यांत घातलेलें काँक्रीट शेजारच्या विटेकडे वाहून जातें. म्हणून दोन्हीं बाजूंस सिमेंटच्या पोत्याचा कागद चुरगळून आधीं बूच मारावें. नंतर एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू व चार भाग बारीक कच असें काँक्रीट ठासून भरावें व त्यांत टोंक वांकविलेला बोल्ट पुरावा. सात दिवस पाणी मारावें, व पूर्ण भार २८ दिवसांनंतर द्यावा. सर्व जागा एकदम फोडूं नयेत. एक आड एक करून, आधीच्या कठीण झाल्यावर पुढच्या घ्याव्या. एका ओळींतील सगळ्या विटा एका वेळीं उघड्या केल्यास भिंतच अशक्त होते.

रीत तिसरी : जाळीची नळी व मसाला

बाजारांत केमिकल अँकर म्हणून जो मिळतो तो हा. यांत प्लॅस्टिकची अथवा तारेची जाळीदार नळी असते, आट्यांचा बोल्ट असतो, आणि दोन भागांचा राळेसारखा मसाला एका नळकांड्यांत येतो. मसाला नळींत दाबला व बोल्ट फिरवीत आंत सारला म्हणजे तो जाळीच्या भोंकांतून बाहेर येऊन विटेच्या पोकळींत गांठीसारखा फुगतो व तेथेंच कठीण होतो. हा बोल्ट कडांस रेटीत नाहीं. पडदीच्या मागें गांठ होऊन अडकून बसतो. ठिसूळ विटेस हीच पकड मानवते.

यांत पुढील गोष्टी संभाळाव्या.

१. भोंक पाडतांना यंत्राची ठोक्याची कळ बंद ठेवावी व नुसतें फिरतें यंत्र चालवावें. बिट कार्बाइडच्या टोंकाचें व नवें असावें. वीट कठीण असल्यानें वेळ लागतो. त्या वेळीं अंगाचा जोर देऊं नये. घाईनें वेळ वांचतो तो विटेच्या मागील बाजूचा चुरा करून.

२. भोंकाचें माप नळीवर लिहिलेलें असतें, तेंच घ्यावें. भोंक भिंतीच्या कडेपासून अथवा खिडकीपासून निदान एक विटेची लांबी दूर असावें. विटांच्या सांध्यांत भोंक पाडूं नये.

३. भोंकांतील भुकटी फुंकणीनें काढावी, ब्रशनें घासावी व पुन्हां फुंकावी. भुकटीवर बसलेला मसाला भुकटीलाच धरतो.

४. नळकांड्यावरील मुदत पाहून घ्यावी. तोटींतून निघणारा पहिला मसाला एकरंगी होईपर्यंत टाकून द्यावा. नळी तळापासून भरीत बाहेर यावें.

५. उन्हाळ्यांत मसाला कांहीं मिनिटांतच घट्ट होऊं लागतो, म्हणून काम सकाळीं करावें. पुडक्यावर लिहिलेला वेळ पुरा होईपर्यंत बोल्टास हात लावूं नये.

६. कारखान्याच्या तक्त्यांत भरीव विट, काँक्रीट व पोकळ वीट यांस निरनिराळे भार दिलेले असतात. पोकळ विटेचा आंकडा बराच लहान असतो. आपण तोच वाचावा.

परीक्षा

नाट चढविण्यापूर्वीं एक जादा बोल्ट आडबाजूस बसवून पाहावा. त्याच्या दोन्हीं अंगांस, एक एक वीट अंतर सोडून, भिंतीवर दोन लाकडी ठोकळे ठेवावे. त्यांवर भोंक पाडलेली जाड लोखंडी पट्टी आडवी ठेवून बोल्ट तिच्यांतून बाहेर काढावा व नट हळूहळू आवळावा. नट जड होऊन थांबला तर पकड बसली असें समजावें. नट फिरत राहिला व बोल्ट बाहेर येऊं लागला, तर ती भिंत त्या साधनास योग्य नाहीं. शिवाय बोल्टास सांखळीनें ५० किलोंचीं तीन पोतीं एक दिवस टांगून पाहावीं. पोतीं टांगलीं असतां खालीं कोणीं उभें राहूं नये. हें सारें करण्यास एक दिवस मोडतो. मीं तो मोडला नाहीं.

लांकडासंबंधीं

नाटांतील भोंकें बोल्टापेक्षां एक-दोन मि.मी. मोठीं ठेवावीं, म्हणजे लांकूड फुगलें वा आकसलें तरी विटेस हिसका बसत नाहीं. नटाखालीं निदान ५० मि.मी. चौरस वायसर द्यावा. बोल्ट एका सरळ रेषेंत न घेतां एक वर, एक खालीं असे घ्यावे. त्यानें लांकूड चिरत नाहीं व नाट पिळतहि नाहीं. गोठ्यांतील ओल व मुताची वाफ लोखंडास खाते, म्हणून जस्त चढविलेला माल वापरावा. नाट व भिंत यांच्या सांध्यावर पत्र्याची झांकपट्टी बसवावी, नाहींतर पावसाचें पाणी मागें मुरून लांकूड कुजतें. दर वर्षीं मृगापूर्वीं एकदां सर्व नट तपासावे.

नवें बांधकाम असल्यास

ज्यांस अजून घर बांधावयाचें आहे त्यांचें काम सर्वांत सोपें. पडवी पुढें कधीं काढावयाची असली तरी तिची उंची आजच ठरवावी. त्या पातळीस भिंतीभर लोखंडी सळयांचा काँक्रीटचा पट्टा घालावा व त्यांत बोल्ट आधींच पुरून ठेवावे. असा पट्टा दारांच्या माथ्यावर सर्व भिंतींभोंवतीं फिरविला असतां भूकंपांतहि भिंती एकमेकींस धरून राहतात; भूकंपास टिकणाऱ्या बांधणीच्या नियमांत तो याच कारणानें सांगितला आहे. एका खर्चांत दोन कामें होतात. पट्टा नको असल्यास निदान बोल्टांच्या जागीं भरीव विटा बांधून घ्याव्या व त्या जागांचीं मापें कागदावर लिहून ठेवावीं. गिलावा झाल्यावर त्या सांपडत नाहींत.

माझी पडवी आतां पुन्हां उभी आहे. भिंतीच्या बाजूस चार खांब आहेत आणि नाटास घराच्या आंतून पाट्या देऊन सहा आरपार बोल्ट आहेत. माजघरांतील त्या लोखंडी पाट्या दिसावयास बऱ्या दिसत नाहींत, म्हणून पाहुणे विचारतात. त्या झांकून टाकाव्या असें मुलाचें म्हणणें होतें; सूनबाईनें झांकूं दिल्या नाहींत. गोठ्यांत रोज दोन वेळां धारेस बसावयाचें तिला असतें, आणि छप्पर कशानें धरलें आहे हें तिला डोळ्यांनीं दिसावें, हें योग्यच आहे. शेतकरी बंधूंनींहि आपल्या गोठ्यांत जाऊन नाट भिंतीस कशानें धरला आहे तें पावसापूर्वीं एकदां पाहून घ्यावें. एखादा नट हातानें फिरत असेल, तर त्या खालचें जनावर त्याच दिवशीं दुसरीकडे बांधावें व मग सुतारास बोलवावें.

— एक निवृत्त महसुली कारकून